घरातलं वर्कशॉप आणि अरण्यातला दंड

आजचा विषय कळल्यावर एकदोघा जुन्या विद्यार्थ्यांनी विचारलं, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने कानस-पक्कडीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण तत्त्वज्ञानाची पुस्तकं उघडून पाहा. आपल्या नैयायिकांना 'कारण' म्हणजे काय हे सांगायचं झालं की कुंभाराचं चाक येतं, ते फिरवायचा दंड येतो, कोष्ट्याचा माग येतो. ॲरिस्टॉटलला तेच सांगायचं तर ब्राँझचा पुतळा येतो. उदाहरणं सगळी कारागिराच्या खोपटातून उचलायची आणि त्या खोपटाबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही, असा आमच्या धंद्याचा जुना रिवाज आहे. आज आम्ही त्याची थोडी परतफेड करू.

विषय आहे बल्लारपुरातली घरगुती वर्कशॉपं. 'गॅरेज' म्हटलं की आपल्याकडे मोटारदुरुस्तीचं दुकान डोळ्यांसमोर येतं. घरातल्या मोटारीची खोली, आणि तिच्यात रविवारी ठाकठूक करणारा बाप, हे चित्र अमेरिकेचं. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, प्रत्येक घराला गॅरेज आलं, आणि १९५४ साली 'टाइम' साप्ताहिकाने या 'स्वतःच करा' छंदावर मुखपृष्ठ काढलं. आपल्याकडे मोटार नव्हती, पण जागा होती. क्वार्टरच्या मागे टाकलेलं टिनाचं शेड, सपरीचा एक कोपरा, जिन्याखालची वाकून शिरायची जागा. तिथे एक जाड फळीचं टेबल, त्याला पक्का केलेला व्हाइस, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, आणि वर डबेच डबे. याला घरातले लोक काय म्हणायचे? बहुतेक घरांत 'बाबांचा पसारा'. आम्ही त्याला इतिहासाचं साधन म्हणतो.

कसं ते पाहू. बल्लारपूरचा किल्ला गोंड राजांचा, वर्धा नदीच्या काठावर. खांडक्या बल्लाळशाहाच्या कथा आपल्यापैकी सगळ्यांना पाठ आहेत, त्या आज सोडतो. राजधानी चंद्रपूरला गेली आणि गाव मागे पडलं. ते पुन्हा वर आलं ते कोळशामुळे. वरोड्याची सरकारी खाण १९०६ साली बंद झाली आणि विसाव्या शतकाच्या त्या पहिल्या वर्षांत इथली खाण पुढे आली. मग रेल्वे. वर्ध्याकडून येणारा फाटा आधी इथेच संपत होता. १९२९ साली काझीपेठपर्यंतचा दुवा पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता खुला झाला. स्टेशनाच्या पाटीवर बल्हारशाह, नगरपरिषदेच्या पाटीवर बल्लारपूर, हा घोळ परक्या माणसाला आजही पडतो. तिसरं, लाकूड. आलापल्ली-अहेरीकडचा साग इथल्या डेपोत येऊन पडायचा, लिलाव व्हायचा, आणि 'बल्लारशाचा साग' हे नाव मुंबईच्या सुतारालाही ठाऊक झालं. चौथी, १९४५ साली स्थापन झालेली थापरांची कागद गिरणी. जंगलातला बांबू, नदीचं पाणी, खाणीचा कोळसा आणि रेल्वेची वाघीण, चारही गोष्टी एका ठिकाणी मिळतात म्हणून ती इथे आली. बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स हे तिचं मूळ नाव. १९७५ मध्ये ते बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं. आपण अजून 'पेपर मिल'च म्हणतो.

आता या चार मालकांनी गावाला काय दिलं? पगार दिला, हे खरंच. पण शिवाय हात दिले. फिटर, टर्नर, वेल्डर, पंपवाले, वायरमन, खलाशी. भारत सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. आयटीआयमध्ये गेलेल्या पोराला पहिले कित्येक आठवडे काय करावं लागतं, माहीत आहे? लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून चौरस करायचा. गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना हीच गोष्ट शिकवायचा प्रयत्न करत होतो, गुण्या नसताना.

असा हात तयार झालेला माणूस गिरणीत किंवा खाणीत गेला की त्याला काय काम मिळतं? एका मशीनचा एक भाग. हा पंप तुमचा, त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह दुसऱ्याचा. कागद तयार होतो, पण कुणी एक माणूस तो तयार करत नाही. हे बल्लारपूरचं वैगुण्य नव्हे, सगळ्या कारखानदारीचा तोच स्वभाव आहे. हंगेरीत मिक्लोश हारास्ती नावाचा एक लेखक १९७० च्या आसपास ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला होता. त्याने तिथल्या कामगारांवर पुस्तक लिहिलं आणि त्यापायी त्याच्यावर खटला झाला. त्यात एक प्रकरण आहे. कामगार चोरूनमारून, उरल्यासुरल्या तुकड्यांतून, घरासाठी काहीबाही करायचे. किल्लीची साखळी, रक्षापात्र, असलंच काही. त्याचा बाजारभाव शून्य. तरी माणसं त्यात जीव ओतायची, कारण तेवढी एकच वस्तू अशी असायची जी काय करायची, कशी करायची, कधी संपली म्हणायची, हे सगळं करणाराच ठरवायचा. फ्रेंच विचारवंत मिशेल द सर्तो यानेही १९८० च्या आपल्या पुस्तकात याच प्रकाराबद्दल लिहिलं. फ्रेंच कामगार त्याला 'ला पेरुक' म्हणतात, म्हणजे शब्दशः केसांचा टोप.

बल्लारपुरात हा टोप घरी आला. कारखान्यात नव्हे, शिफ्ट सुटल्यावर, आपल्या शेडमध्ये. एखादा तुकडा गेटमधून पावतीशिवाय आला असेलही. त्या वादात आम्ही पडत नाही. मुद्दा असा, की भोंग्याच्या आधी आणि भोंग्यानंतर हात तेच होते, काम मात्र बदलत होतं. शेडमध्ये काम अख्खं असायचं.

हत्यारांचं थोडं सांगतो. सुतारी हत्यारं, म्हणजे वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट, ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतीच, पण ती सुताराच्या घरी. इतरांच्या घरी आलेलं पहिलं खरं यंत्र कोणतं? शिलाई मशीन! आधी सिंगर, मग कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची उषा. आणि ते बाईचं यंत्र होतं. त्याच्या ड्रॉवरमध्ये पाहा: बॉबिन वेगळे, सुया वेगळ्या, तेलाची छोटी कुपी, एक इवलासा पेचकस. घरगुती वर्कशॉपची मांडणी आपल्या घरात पुरुषांच्या आधी बायकांनी केली, हे आम्ही जिथे जातो तिथे सांगतो आणि पुरुष मंडळी हसण्यावारी नेतात. नेऊ देत.

मग पाने-पकडी. सुरुवातीला शेफील्डचा माल, जुन्या बाजारातून आलेला. तापडिया टूल्स १९६९ ची, स्वीडिश सहकार्याने निघालेली, कारखाना नाशकाला. त्यानंतर चांगली पक्कड कामगाराच्या खिशाला परवडू लागली. आणि गोंद. पूर्वी लाकूड चिकटवायला सरस लागे. कातडी-हाडं उकळून केलेला. तो तापवावा लागायचा आणि त्याचा वास अख्ख्या चाळीला कळायचा. १९५९ साली पांढरं फेविकॉल आलं. ना विस्तव, ना वास. सुतारकाम जातीच्या आणि आळीच्या बाहेर पडून कुणाच्याही सपरीत करता येऊ लागलं, त्यात या पांढऱ्या डब्याचा वाटा आहे, असा आमचा तर्क आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात गोंदावर प्रकरण नसतं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

या वर्कशॉपांत होत काय असे? आता आम्ही रमणार आहोत, तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवा.

या कामांचं एक पंचांग असे. चैत्र लागला की कूलर. चंद्रपूर-बल्लारपूरचा उन्हाळा आम्ही तुम्हाला काय सांगावा? पारा ४६-४७ अंशांवर जातो, पण हवा कोरडी. आणि हवा कोरडी म्हणूनच कूलर चालतो. ओल्या गवतातून हवा ओढली की पाणी वाफ होतं, वाफ व्हायला लागणारी उष्णता ते हवेतूनच घेतं, हवा गार होते. मृगाचा पाऊस पडला, हवेत दमटपणा आला, की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. विदर्भातल्या माणसाला हे भौतिकशास्त्र पुस्तक न उघडता कळतं. कंपनीचा कूलर महाग होता, म्हणून लोक घरी करायचे. पत्र्याची पेटी, अँगलचा स्टँड, एक्झॉस्टचा पंखा, छोटा पंप, तीन बाजूंना जाळीत वाळा किंवा लाकडाचं गवत, वरून पाण्याची पन्हळ. पन्हळीला भोकं पाडणं ही नाजूक गोष्ट. मोठी झाली तर पाणी एकाच जागी पडतं, बारीक झाली तर इथल्या पाण्याच्या क्षाराने पंधरा दिवसांत बुजतात. तळाच्या टाकीला आतून डांबराचा हात द्यायचा, नाहीतर तिसऱ्या वर्षी पत्रा चाळणी होतो.

आणि अर्थिंग. हे आम्ही मुद्दाम सावकाश बोलतो. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी येते, पुष्कळदा लहान मूल असतं. लोखंडी पेटी, आत पाणी, पंपाची वायर पाण्यात बुडालेली, तिचं वेष्टण कुठेतरी खरचटलेलं, खाली ओली फरशी, आणि पेटीला हात लावणारा अनवाणी. तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसरी पिन भिंतीत कशालाच जोडलेली नसते. जुने मिलचे वायरमन पेटीला वेगळी जाड तार जोडून ती जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत नेत. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, हा घरातला कायदा असे. आता ३० मिलिॲम्पिअरला तुटणारं आरसीसीबी मिळतं, ते बसवावं. कूलर घरी केला म्हणून माणसं मरत नाहीत. विकतच्या कूलरनेही मरतात. मरतात ती, कारण ज्याला ही जोडणी कळत होती तो माणूस आता घरात नाही. घरगुती वर्कशॉप म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा, असं म्हणणाऱ्यांना आमचं हे एवढंच उत्तर आहे.

श्रावण संपता संपता पोळा. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पश्चिम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी सांगतो: त्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडाचे नंदीबैल सजवून, चाकांवर ओढत नेतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही चाल आहे, असं सांगतात. बल्लारपुरात नंदी म्हणजे सागाचा, दुसरा विचारच नाही. पण साग कुठून? डेपोचा लिलाव लॉटने होतो, तिथे मोठे व्यापारी. साध्या माणसाला मिळायच्या त्या आरामशीनवरच्या ढलप्या, कडेचे तुकडे, जुन्या दरवाजाची चौकट. मशिनरीबरोबर आलेली देवदारी खोकीही चालत, पण त्यांचा नंदी हलका, उलटायचा. खुरं आणि शिंगं नेहमी मोडायची, म्हणून शिंगं वेगळी करून भोकात बसवायची. पाय कोरताना लाकडाच्या रेषा उभ्या ठेवायच्या. आडव्या आल्या की पहिल्याच दगडावर पाय गेला. नंदी दरवर्षी नवा लागत नसे. गेल्या वर्षीचा काढायचा, चाकं घट्ट करायची, रंग द्यायचा. पुढच्या पोराचा नंबर आला की तोच.

मग दिवाळीचा आकाशकंदील, बांबूच्या कामट्यांचा. मधल्या काळात सायकल, खाटेची सुतळी, मुलीच्या सासरी द्यायचं देवघर, शाळेचं प्रयोगाचं सामान. सिमेंटसुद्धा परमिटवर मिळायचे ते दिवस. त्यावरचं नियंत्रण १९८२ साली अर्धवट आणि १९८९ साली पुरतं उठलं. नवीन मिळत नाही म्हणून जुनं दुरुस्त, हा त्या काळाचा धर्म होता. त्यात गौरव वाटून घेण्यासारखं काही नाही, टंचाई ती टंचाई. पण त्या टंचाईने हाताला काम दिलं, हेही खरं.

आता मांडणीकडे येतो, आणि इथे आमचं मूळ दुकान उघडतं.

गेल्या काही वर्षांत आम्ही अशी बरीच शेडं पाहिली. मांडणी जवळजवळ सारखी. डालड्याच्या आणि बिस्किटांच्या डब्यांत खिळे, चुका, वायसर, जाडीप्रमाणे. काचेच्या बरण्यांची झाकणं फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूने पक्की केलेली. बरणी खालून फिरवून बसवायची, आत काय आहे ते दिसतं, जागाही वाचते. फळकुटावर हत्याराची रंगाने काढलेली बाह्यरेषा, म्हणजे पाना जागेवर नसेल तर त्याची सावली दिसते. ही युक्ती कारखान्याच्या टूलरूममधली. तिथे पाना नेताना आपला पितळी बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा. घरी बिल्ला नसतो, मुलांना दम असतो. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची भाषा पाहण्यासारखी. मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी, कधी एकाच डब्यावर दोन. या गावात कुठून कुठून माणूस आला, ते जनगणनेपेक्षा या डब्यांवर लवकर वाचता येतं.

१९९० नंतर कारखान्यांत जपानी पद्धत आली, फाइव्ह-एस. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवड, मांडणी, सफाई, सारखेपणा, शिस्त. त्यातलं पहिलं पाऊल निवडीचं. जे वापरात नाही त्याला लाल चिठ्ठी लावायची, आणि ठरलेल्या मुदतीत कुणी मागितलं नाही तर बाहेर. आम्हाला भेटलेल्या एका निवृत्त फिटरने कारखान्यात या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. घरी त्यांनी मांडणी, सफाई, शिस्त तिन्ही आणली. लाल चिठ्ठी मात्र एकाही डब्याला नाही. विचारलं तर म्हणाले, "सर, तिथे फेकलं तर कंपनी नवीन देते. इथे कोण देते?"

न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. घडा करायला चाक फिरवणारा दंड लागतो, म्हणून दंड हे घड्याचं निमित्त कारण. पण जो दंड अजून रानात झाडावरच आहे, त्याचं काय? अरण्यस्थ दंड. त्याने कोणताही घडा केलेला नाही, कदाचित कधी करणारही नाही. तरी त्याच्यात ती लायकी आहे. नैयायिक म्हणतात, तो 'स्वरूपयोग्य' कारण आहे, 'फलोपधायक' नाही. लायकी आहे, फळ नाही. आणि ज्याचा संबंधच नाही, पण जे तिथे हजर असतं, ते 'अन्यथासिद्ध'. त्याचं उदाहरण, कुंभाराचं गाढव. माती त्याने आणली खरी, पण घड्याच्या कारणांत त्याला धरत नाहीत.

आता शेडमधला फळीवरचा तो डबा पाहा. अर्धी बिजागरी, पंख्याचं कपॅसिटर, तीन इंच पितळी सळई. हे सगळे अरण्यस्थ दंड आहेत की गाढवं? बायको म्हणते गाढवं. नवरा म्हणतो दंड. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, आणि आमचं मत असं, की हा वाद वस्तूंच्या गुणांवर सुटतच नाही. वस्तू कुठे आहे हे हाताला माहीत असेल तर ती दंड. नसेल तर, कितीही लायक असो, ती रानातच आहे, घरात असूनही. मांडणी म्हणजे रानातला दंड हाताच्या टप्प्यात आणणं. म्हणून तो फिटर लाल चिठ्ठी लावत नव्हता, पण दर दिवाळीला एकेक डबा पालथा करून पुन्हा भरत होता. आत काय आहे याची हाताला उजळणी. हायडेगरने १९२७ च्या ग्रंथात हातोडीवर लिहिलंय, की ती चालते तोवर दिसत नाही, मोडली की दिसते. खरं आहे. पण हरवली की काय होतं यावर त्याने थोडं अधिक लिहायला हवं होतं. बहुधा त्याचं शेड नीट लावलेलं असावं.

आणि मित्रहो, आपल्या जिल्ह्यात अरण्यस्थ दंड हे नुसतं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही होता. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं. कायद्याने झाड म्हटलं. त्यामुळे आकाशकंदिलाच्या कामट्यांसाठी रानातून आणलेला बांबू हा वनगुन्हा होऊ शकत होता, आणि त्याच रानातून गिरणीला गाड्याच्या गाड्या रीतसर जात होत्या. दर काय होते? माधव गाडगीळांनी कर्नाटकातल्या कागद गिरणीबद्दल लिहून ठेवलंय, की तिला सरकारकडून बांबू टनाला दीड रुपयाने मिळे, आणि टोपल्या विणणाऱ्याला तोच बांबू बाजारात कितीतरी पट भावाने घ्यावा लागे. आपल्याकडे बुरुडांसाठी कार्डावर ठरावीक बांबू देण्याची योजना होती, पण कार्ड असणं आणि बांबू हातात पडणं यांत स्वरूपयोग्य आणि फलोपधायक एवढं अंतर असू शकतं. दंड रानात आहे, चाक घरात आहे, हात तयार आहे, मध्ये परवाना आहे.

त्यामुळे मिलच्या शेडमधला फिटर आणि रानाकाठचा बुरूड यांचा इतिहास वेगळा लिहिता येत नाही, असं आम्हाला वाटतं. एकाला पगार होता, त्याच्या शेडमधला पसारा छंद ठरला. दुसऱ्याचं अख्खं घरच वर्कशॉप होतं, आणि त्याच्या हातातला बांबू संशयास्पद ठरला. गोंड-माडिया गावांत तर हा भेदही नाही. टोपली, सूप, कुंपण, कुऱ्हाडीचा दांडा, घराची ताटी, सगळं घरचं घरी. तिथे वर्कशॉप वेगळं दाखवता येत नाही, म्हणून ते आपल्याला दिसतच नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. तरी गावाला तो विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा त्यासाठी झगडलं, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वन कायद्यातली व्याख्या बदलायला २०१७ उजाडलं, आणि तीही वनाबाहेर लावलेल्या बांबूपुरती. एका कामटीसाठी नव्वद वर्षं.

सागाचंही थोडं तसंच. ओंडक्यावर खात्याच्या घणाचा शिक्का, बरोबर परवाना. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर १९९६ चा. पुढे आरामशीनच्या परवान्यांवर बंधनं आली. जंगल वाचायला ती हवीच होती, आम्ही त्याच्या विरोधात बोलत नाही. पण ढलप्या मिळायची ठिकाणं कमी झाली, आणि तान्ह्या पोळ्याला प्लायवुडचे नंदी दिसू लागले, हीही नोंद करायला हवी. प्लायवुडच्या नंदीला पोट नसतं. दोन बाजू आणि मध्ये पोकळी.

आता या शेडांचं पुढे काय होतंय? ज्यांनी ती लावली ती पिढी सत्तरी-ऐंशीत आहे, आमच्याच बरोबरीची. मुलं पुण्याला, हैदराबादला. म्हातारा गेला की तेराव्यानंतर भंगारवाला येतो. किलोवर भाव होतो. व्हाइसला बरा भाव येतो, बरण्या तशाच फेकतात. गावात आम्ही तीन शेडांची अशी निरवानिरव पाहिली. दोन ठिकाणी मुलांना वाईट वाटत होतं, पण कोणता पाना कशाचा हे माहीतच नव्हतं. आणि माहीत नसलेली वस्तू किती दिवस ठेवणार? त्यांचंही बरोबर. तिसऱ्या घरी सुनेने शेड ठेवून घेतलं. ती स्वतः आयटीआय झालेली, इलेक्ट्रिशियन. तिने सगळे डबे उघडले, सासऱ्यांच्या चिठ्ठ्या होत्या तिथे होत्या तशा ठेवल्या, आणि खाली आपल्या अक्षरात नवीन लावल्या.

याच रेल्वेमार्गावरच्या वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधींनी शिक्षण परिषद भरवली आणि हाताच्या कामातून शिकवायचं म्हटलं. नई तालीमचं काय झालं, ते वेगळं व्याख्यान होईल. पुण्याजवळ पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथे मुलं लोखंडकाम, सुतारकाम, वीजजोडणी करत शिकतात, आणि ती पद्धत पुढे अनेक शाळांत गेली. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती शिकवली. म्हणजे नमुने नाहीत असं नाही. पण शाळेला जे प्रकल्प म्हणून मुद्दाम उभं करावं लागतं, ते आपल्या गावात शेकडो शेडांत आयतं उभं आहे. त्यातला एखादा वायरमन आठवीच्या वर्गापुढे उभा राहून कूलरचं अर्थिंग करून दाखवू शकला, तर त्यासाठी कुणाच्या परवान्याची गरज नाही. आम्ही गेल्या वर्षी दोन शाळांत विचारून पाहिलं. एका शाळेने एप्रिलमध्ये परीक्षा असतात म्हणून नाही म्हटलं. दुसरीने मार्चचा एक शनिवार दिला. आलेले गृहस्थ ७८ वर्षांचे. त्यांनी टेस्टर, मल्टिमीटर आणि एक जुना पंप टेबलावर मांडला, आणि बोलण्याआधी मुलांना पायात चपला घालून यायला सांगितलं. वर्गाबाहेर काढून ठेवलेल्या चपला आणायला सगळी मुलं पळाली. मुख्याध्यापक जरा गोंधळले.

यंदाही तो शनिवार ठरला आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी खाली उतरल्यावर आमच्याकडे नाव द्यावं. आता प्रश्न घेऊ.